बिलात न दिसणारा आकडा

७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावरच्या वीजकेंद्रांना धुराच्या नव्या मर्यादा घालून दिल्या. धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, पारा या सगळ्यांवर दोन वर्षांत लगाम बसायचा होता. ती मुदत आधी २०२२ पर्यंत आणि मग पुढे पुढे सरकत राहिली. ११ जुलै २०२५ला तर देशातल्या तीनचतुर्थांशांहून अधिक वीजकेंद्रांना सल्फरच्या अटीतून मोकळे करण्यात आले.

या सवलतीमागचा खर्चाचा मुद्दा खोटा नाही. धुरातला सल्फर काढणारे एफजीडी संयंत्र बसवायचे, तर वीज युनिटमागे २५ ते ३० पैशांनी महागेल, असा या क्षेत्राचा अंदाज आहे. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला तीस रुपये. ज्या घरात बिल भरायला पगाराची वाट पाहावी लागते, तिथे हे तीस रुपये जाणवतात.

सरकारची दुसरी बाजू अशी की, आपल्या कोळशात गंधक मुळातच कमी आणि हवेतला सल्फर डायऑक्साइडही बहुतेक ठिकाणी मर्यादेत आहे. इथे मात्र हिशेब अर्धवट राहतो. हा वायू चिमणीतून निघाला की वायूच राहत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात, शेकडो किलोमीटर जातात आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी उतरतात. नुसता वायू मोजणाऱ्या यंत्रावर ते दिसणार कसे? शिवाय आपल्या कोळशात राख जास्त, उष्णता कमी. म्हणून तेवढ्याच विजेसाठी तो जास्त जाळावा लागतो.

वीजकेंद्राजवळच्या वस्तीत उन्हाळ्यात वाळवण घालणाऱ्या बाईला हे सांगावे लागत नाही. पापडांवर जुने पातळ पसरले, तरी संध्याकाळी ते झटकताना हाताला करडी भुकटी लागते. ती निदान दिसते तरी. घरातल्या म्हाताऱ्याचा दम्याचा पंप, लेकराचा खोकला, दवाखान्यापायी बुडालेली रोजी यांचे बिल महावितरण पाठवत नाही. ते त्या घरानेच भरायचे. चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॉटचे. तिथली वीज राज्यभर जाते, राख आणि धूर तेवढा चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो.

धूलिकण अडवणारी ईएसपी यंत्रणा चोख चालवली तर कमी पैशांत मोठा लाभ होतो, हे एफजीडीच्या विरोधकांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. ते आधी कराच. पण तेवढ्याने सल्फर थांबत नाही, कारण तो ईएसपीतून वायूच्या रूपात सरळ निसटतो.

आणि एफजीडी बसवण्याचे काम आपल्याकडे झालेले आहे. डहाणूच्या चिकू बागायतदारांनी आणि कार्यकर्त्यांनी तिथल्या ५०० मेगावॉटच्या केंद्राविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये नेमलेल्या प्राधिकरणाचे अध्यक्ष होते न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी. प्राधिकरणाने १९९९ मध्ये एफजीडीचा आदेश दिला. कंपनीने खर्चाचेच कारण पुढे केले. अखेर प्राधिकरणाने ३०० कोटींची बँक हमी मागितली, आणि २००७ मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुणारे संयंत्र उभे राहिले. बाकी देशासाठी असा नियम निघायला त्यानंतर आठ वर्षे लागली.

देशातल्या प्रत्येक केंद्राला आजच्या आज एफजीडी बसवा, असे आम्ही म्हणत नाही. जिथे चिमणीच्या सावलीत दाट वस्ती आहे, तिथे मात्र सूट देणे अन्यायाचे आहे. ११ जुलैच्या त्याच अधिसूचनेनुसार अतिप्रदूषित क्षेत्रांलगतच्या केंद्रांचा निर्णय तज्ज्ञ समिती एकेक प्रकरण पाहून घेणार आहे आणि चंद्रपूर त्याच यादीत आहे. समितीने हा निर्णय दिल्लीत बसून घेऊ नये. चंद्रपुरात यावे, मराठीत जाहीर सुनावणी घ्यावी आणि दरवाढीच्या तक्त्याशेजारी जिल्हा रुग्णालयातल्या श्वसनविकारांच्या नोंदी ठेवाव्यात. वाढीव पैसे शंभर युनिटांच्या आतल्या घरांना वगळून बाकी सगळ्या राज्याने भरावेत. मुंबई-पुण्याच्या ग्राहकांनी हा भार आपला मानावा, अशी आमची त्यांना विनंती आहे.