गुजरींतील साज

इस्तंबूलचा जुना छपराखालचा बाजार सुलतान दुसऱ्या मेहमेदाच्या काळीं, १४५५ च्या सुमारास, उभा राहूं लागला. तेथील सराफांच्या मुख्य गल्लीचें नांव आजही टोप्या करणाऱ्यांवरूनच चालतें. टोप्या गेल्या, सोनें आलें! आमच्या करवीरांतील गुजरीस छप्पर नाहीं, पण अंबाबाईचें दर्शन झालें कीं लग्नघरच्या मंडळींची पावलें तिकडेच वळतात.

तेथें साज घेणाऱ्या कुटुंबांस आमचें एकच सांगणें आहे. साजाचें वजन तें सर्व सोन्याचें नव्हे. मण्यांत व पानांत लाख भरलेली असते. पातळ पत्रा तिच्या आधारानेंच चेपत नाहीं. यांत लबाडी नाहीं, कारागिरीच आहे. परंतु वीस वर्षांनीं वांटणीच्या वेळीं तोच साज मोडावयास काढला कीं सोनें कमी भरतें, आणि संशय बिचाऱ्या सासूवर नाहींतर जावेवर जातो. २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झालेला हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, लाखेचा हिशेब सांगत नाहीं. म्हणून लाख वजा जातां सोनें किती, हें सराफाकडून पावतीवर मांडून घ्यावें, आणि ती पावती साजाच्या डबींतच ठेवावी.