चार दिवस आणि मूठभर सरकी

मुलांनो,

परवा एका वाचकमित्राचं पत्र आलं. अक्षर छान वळणदार, पण मजकूर घाबरलेला. ‘मॅडम, वाचताना सगळं येते, अन् पेपर हातात पडला की काहीच आठवत नाही. असं काहून होते?’

हाच प्रश्न मी एकदा स्वतःला विचारला होता. आणि दोन वर्षांपूर्वी तोच प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला होता. त्या संध्याकाळची गोष्ट आज सांगते. गोष्ट कॉलेजातल्या मुलीची आहे, पण चौथीतल्या मुलालाही उपयोगी पडेल.

मी वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे कापसाचे दिवस. शेतं पांढरीशुभ्र झालेली असतात आणि वेचायला माणसं मिळत नाहीत. मग घरातला प्रत्येक हात वेचणीला लागतो. अशाच एका संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. आता वर्ध्याला बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. (तिचं नाव मी छापणार नाही, तसं तिनं मला बजावलंय!)

‘मॅडम, चारच दिवस राह्यले. केमिस्ट्रीचा पेपर आहे. पुस्तक हाती घेतलं की झोप येते, नाही घेतलं की रडू येते.’

तिच्या वडिलांची कंबर धरली होती, म्हणून पंधरा दिवस ती आईबरोबर कापूस वेचत होती. त्या घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच मुलगी. विषय राहिला, तर पुढची फी भरायची की शिक्षण थांबवायचं, असं बोलणं घरात सुरू झालं होतं.

‘चारही रात्री जागून सगळं पुस्तक तीन डाव वाचून काढू का?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, ‘नको. मी ते करून बसले आहे.’

खरंच मुलांनो, बारावी सायन्सला असताना फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री मी अजिबात झोपले नव्हते. चहावर चहा पीत सगळं गाईड वाचून काढलं. सकाळी पेपर हातात पडला. प्रश्न ओळखीचा होता. उत्तर कोणत्या पानावर आहे, आकृती डाव्या कोपऱ्यात आहे की उजव्या, हेसुद्धा आठवत होतं. फक्त आकृतीत काय होतं, ते आठवेना! कशीबशी पास झाले आणि मनाशी ठरवून टाकलं की आपली स्मरणशक्तीच कमी. कितीतरी वर्षं मी तसंच समजत होते. पुढे शिक्षिका झाल्यावर स्मरणशक्तीवरचे काही प्रयोग वाचनात आले आणि कळलं, दोष डोक्याचा नव्हता, अभ्यासाच्या रीतीचा होता.

वाचलं की आलं?

जर्मनीत हेरमान एबिंगहाउस नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी प्रयोगासाठी दुसरं कुणी शोधलं नाही, स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं बनवायची, ती पाठ करायची आणि किती वेळानं किती विसरलो ते मोजायचं. १८८५ साली त्यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं. त्यांना दिसलं की विसरणं सावकाश होत नाही. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक निसटतं, मग निसटण्याचा वेग कमी होत जातो. आणखी एक गोष्ट त्यांना सापडली. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढा फायदा होतो, तेवढाच फायदा तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटल्यानं होतो. म्हणजे जवळजवळ निम्मी मेहनत वाचली!

दुसरा प्रयोग अलीकडचा, २००६ सालचा. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काही जणांनी तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या काही जणांनी एकदाच अभ्यासला, मग कागद बाजूला ठेवून तीन वेळा आठवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. पण आठवड्यानंतर? वाचणाऱ्यांच्या हाती ४० टक्के उरलं आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या हाती ६१ टक्के!

गंमत म्हणजे, वाचणाऱ्यांनाच आधी जास्त खात्री होती की आपल्या सगळं लक्षात राहील. फसगत होते ती इथेच. तिसऱ्यांदा वाचताना वाक्य ओळखीचं वाटतं आणि आपण म्हणतो, ‘हे तर येतं मला.’ पण ओळखीचा चेहरा दिसणं वेगळं आणि त्या माणसाचं नाव आठवणं वेगळं. परीक्षेत नाव विचारतात!

चार दिवसांचं गणित

मी तिला एक कोरी वही दिली आणि चार दिवस वाटून दिले.

पहिल्या दिवशी जुन्या प्रश्नपत्रिका समोर घ्यायच्या आणि धड्यांचे तीन ढीग करायचे: येतं, अर्धवट येतं, मुळीच येत नाही. अर्धवट येणाऱ्या ढिगाला आधी हात घालायचा, कारण थोड्या कष्टात तिथं जास्त मिळतं. मुळीच न येणाऱ्या ढिगातलं महत्त्वाचं तेवढंच उचलायचं. काहीतरी सुटणार हे आधीच मान्य करायचं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी एकदा नीट समजून वाचायचं, मग पुस्तक मिटून कोऱ्या पानावर आठवेल ते लिहायचं. नंतर पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनानं भरायचं. काल केलेलं आज पुन्हा कोऱ्या पानावर काढायचं.

चौथ्या दिवशी नवीन काही नाही. फक्त लाल शाईचं तेवढं पाहायचं आणि रात्री वेळेवर झोपायचं. झोपेत मेंदू दिवसभर शिकलेलं पक्कं करत असतो. झोप मोडणं म्हणजे भिंत बांधायची आणि तिला पाणीच मारायचं नाही.

‘पण मी बरोबर सांगून राह्यली का चूक, हे कोण पाहीन?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, ‘घरात कुणाला तरी समजावून सांग. समजावताना अडखळलीस, की समज तिथं कच्चं आहे.’

‘घरी तर आजीच असते. तिले वाचता येत नाही.’

‘मग तर फारच छान!’

आजीची पंगत

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. आजी ओसरीवर बसून देवाच्या वातींसाठी कापसातली सरकी काढत होती. शेजारी सरकीचा लहानसा ढीग. पोरीनं अंगणात खडूनं चौकोन काढले होते. अणूमध्ये इलेक्ट्रॉन कसे बसतात, ते ती आजीला सांगत होती. सरकीचा एक दाणा म्हणजे एक इलेक्ट्रॉन.

‘हे पाय आजी, खालच्या माळ्यावर एकच खोली, तिचं नाव १एस. एका खोलीत दोघंच मावतात. वरच्या माळ्यावर आधी २एसची एक खोली, मंग २पीच्या तीन खोल्या. आता नायट्रोजन. त्याचे सात दाणे.’

तिनं दोन दाणे १एसमध्ये ठेवले, दोन २एसमध्ये. उरले तीन. ते तिनं २पीच्या पहिल्या खोलीत दोन आणि दुसऱ्या खोलीत एक असे ठेवले. तिसरी खोली रिकामी.

आजी सरकी काढता काढता थांबली. ‘काहून वं, तिसऱ्याचं पान रिकामं, अन् पहिल्याले दुसऱ्यांदा वाढलं? पंगतीत असं करत असतेत का? आधी एकेकाले एकेक वाढ, मंग दुसरी वाढ.’

पोरगी बघतच राहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘मॅडम, हाच तर हुंडचा नियम आहे! मी चार डाव वाचला होता.’

चार वेळा वाचलेला नियम हातात दाणे आल्यावर चुकला होता. पण त्या चुकीनंतर तो पुन्हा चुकला नाही. मुलांनो, घरी चूक झाली तर तिचं स्वागत करा. तिथं फक्त लाल शाई खर्च होते.

मग तिनं मला पोटॅशियमची गंमत सांगितली. त्याचे एकोणीस इलेक्ट्रॉन. अठरा बसल्यावर एकोणिसावा ३डीमध्ये जाईल असं वाटतं, पण तो ४एसमध्ये जातो. का? दोन आकड्यांची बेरीज करायची. ४एससाठी ४ अधिक ०, म्हणजे ४. ३डीसाठी ३ अधिक २, म्हणजे ५. जिथं बेरीज कमी, ती जागा आधी भरते. बारावीत मी हा क्रम नुसता पाठ केला होता. त्या दिवशी, इतक्या वर्षांनी, अंगणात बसून मला तो समजला. तेही माझ्याच विद्यार्थिनीकडून!

आपल्या वर्ध्याला ही गोष्ट नवी नाही. १९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण परिषद भरली होती. मुलांचं शिक्षण मातृभाषेतून व्हावं आणि ते हातांनी करायच्या एखाद्या उपयोगी कामाभोवती गुंफावं, असं तिथं ठरलं. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसेन यांनी त्यासाठी नेमलेल्या समितीचं काम पाहिलं. त्यातूनच सेवाग्रामची नई तालीम उभी राहिली. आजीनं त्यातलं काहीच वाचलेलं नाही. पण हातात सरकी आणि तोंडात मायबोली, एवढ्यावर तिनं केमिस्ट्री शिकवली!

मग काय झालं?

निकालाच्या दिवशी ती मला बसस्टँडवर भेटली. केमिस्ट्री सुटली होती. गुण काही पेढे वाटण्याजोगे नव्हते, पण विषय निघाला. दुसऱ्या एका विषयात मात्र एटीकेटी लागली. त्याच्या वाट्याला आम्ही दिवसच ठेवले नव्हते. हे मी मुद्दाम सांगते आहे. चार दिवसांत चार महिन्यांचा अभ्यास होत नाही. तहान लागल्यावर खणलेल्या विहिरीला पाणी लागलं, तरी ते तांब्याभरच. कोरं पान ही जादू नाही. हातात जेवढा वेळ आहे, तेवढा वाया जाऊ नये, एवढंच ते करतं.

पण घरातलं शिक्षण थांबवायचं बोलणं थांबलं. ‘निंघते पोरगी,’ असं आजीनंच ठणकावून सांगितलं म्हणे. राहिलेला विषय तिनं पुढच्या खेपेला काढला. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. दुसरं सत्र सुरू झालं त्याच दिवशी ती माझ्याकडे नवी कोरी वही घेऊन आली होती. ‘मॅडम, या डाव पहिल्या दिवसापासून.’

माझ्या वर्गातही एक बदल झाला. पूर्वी धडा संपला की मी म्हणायची, ‘परत वाचा.’ आता म्हणते, ‘पुस्तकं मिटा, पाट्या काढा.’ पाच मिनिटं ज्याला जे आठवेल ते त्यानं लिहायचं. सुरुवातीला मुलं माझ्या तोंडाकडे पाहात बसायची. आता तीच विचारतात, ‘मॅडम, मिटू का?’

पालकांनाही एक विनंती. ‘अभ्यासाला बस’ असं दहा वेळा म्हणण्यापेक्षा ‘आज काय शिकलास, मला सांग’ असं एकदा म्हणा. तुम्हाला तो विषय आलाच पाहिजे असं नाही. मन लावून ऐका आणि मधून मधून विचारा, ‘मग? पुढे?’ बाकीचं काम मूल करतं. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला झोपू द्या.

या आठवड्याचा खेळ

मूठभर तुरीचे दाणे नाहीतर चिंचोके घ्या. जमिनीवर खडूनं १एस, २एस आणि २पीच्या तीन अशा पाच खोल्या काढा. आता ऑक्सिजनचे आठ दाणे बसवा. पंगतीचा नियम विसरू नका! २पीच्या किती खोल्यांत एकच दाणा राहिला, ते मला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. मात्र उत्तर लिहिण्याआधी घरातल्या एका मोठ्या माणसाला हा खेळ समजावून सांगायचा. ते कोण होते आणि त्यांनी काय प्रश्न विचारला, तेही कळवा. मला उत्तरापेक्षा तो प्रश्न वाचायला जास्त आवडेल.

आणि ज्या मित्रानं पत्र लिहिलं, त्याला एवढंच सांगते: तुझी स्मरणशक्ती चांगली आहे रे. आज धडा एकदा वाच, पुस्तक मीट आणि आजीला हाक मार.

तुमची,
मॅडम