चाळिशीनंतरही मॅट खुली हवी

दहावी-बारावीचे क्रीडागुण पदरात पडले, की आपल्याकडे बहुतेक मुलींचा खेळ संपतो. त्यातून ज्या टिकतात, त्या नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणापर्यंत, नाहीतर लग्नापर्यंत. माझा ज्युदो लग्नानंतर सुटला. शाळा-कॉलेजात राज्य स्पर्धा खेळलेली मी आज सेहेचाळीस वर्षांची आहे, नाशिकला एका पतसंस्थेत काम करते, आणि यंदा पुन्हा मॅटवर उतरले आहे. खेळापासून दुरावलेल्या प्रौढांना परत घेणं ही क्लबांची आणि क्रीडा संकुलांची जबाबदारी आहे, असं मी आता ठामपणे म्हणते.

चौकशीला गेले तेव्हा एका ठिकाणी सांगण्यात आलं, "मॅडम, तुम्हाला आता स्पर्धा थोडीच खेळायची आहे? मोठ्या बायकांसाठी सकाळी योगाची बॅच आहे." योग चांगलाच आहे. पण मला समोरच्याची कॉलर पकडायची होती, त्याचा तोल हलवायचा होता, पडायचं आणि पाडायचं होतं. या खेळानं वयाचं दार बंद केलेलंच नाही. ज्युदोच्या जागतिक व्हेटरन्स स्पर्धांत तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो. दार बंद आहे ते आपल्या वेळापत्रकात. तिथे सगळ्या बॅच शाळकरी मुलांच्या, आणि त्याही नोकरदार माणूस कामावरून सुटायच्या आत संपणाऱ्या.

शेवटी एका सरांनी घेतलं. परतणाऱ्याला कसं घ्यावं, हे मी त्यांच्याकडे पाहिलं. डाव शरीरात मुरलेला असतो. कॉलर हातात आली की 'ओ सोतो गारी' या डावासाठी पाय आजही आपसूक पुढे जातो, आणि खरा धोका तिथेच असतो. डाव लगेच आठवतो, पण गुडघ्याला आणि खांद्याला तो भार पेलायची सवय उरलेली नसते. दम तुलनेनं लवकर परत येतो. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना मात्र महिनोन्‌महिने द्यावे लागतात. म्हणून सरांनी सुरुवातीला रांदोरी, म्हणजे जोडीदाराशी मोकळी लढत, बंद ठेवली आणि माझ्याकडून फक्त उकेमी, म्हणजे पडण्याचा सराव, करून घेतला. हनुवटी छातीशी, श्वास बाहेर, आणि पाठ टेकताना आख्खा हात तळव्यासकट मॅटवर आपटायचा. पडताना हात टेकून सावरायचं नाही, हा पहिला नियम.

माझ्या वयाच्या बाईला हा नियम स्पर्धेपेक्षा घरात जास्त उपयोगी आहे. ओल्या मोरीत पाय घसरला की आपण हात पुढे टेकतो आणि मनगटाचं हाड मोडतं. पाळी थांबल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा हा अस्थिभंग फार आढळतो. पडायचं कसं हे बायकांना शिकवणारी जागा ज्युदोच्या मॅटखेरीज मला तरी दुसरी दिसलेली नाही.

मॅटवर धातूची वस्तू चालत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून पिशवीत ठेवायची आणि मगच गीचा, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाचा, पट्टा बांधायचा. पहिल्या दिवशी घरी यावरून थोडी कुजबुज झाली. सासूबाईंनीच ती थांबवली. "खेळायला जाते ना, मग खेळाच्या नियमानं जाईल," म्हणाल्या.

स्त्रियांना या खेळात प्रत्येक पायरीवर वाट पाहावी लागली आहे. पुरुषांचा ज्युदो ऑलिंपिकमध्ये १९६४ ला आला, स्त्रियांना पदकासाठी खेळायला १९९२ उजाडलं. संस्थापक जिगोरो कानो यांच्या शिष्या केइको फुकुदा यांना पाचवी दान, म्हणजे काळ्या पट्ट्यातली पाचवी श्रेणी, १९५३ मध्ये मिळाली. त्यापुढे बाईला चढूच देत नसत. सहावी मिळाली १९७२ मध्ये. त्या थांबल्या नाहीत. नव्वदी ओलांडल्यावरही शिकवत राहिल्या आणि २०११ मध्ये, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या असताना, अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेनं त्यांना दहावी दान दिली. अशी बाई ज्या खेळात होऊन गेली, तिथे सेहेचाळिशीला उशीर कोण म्हणेल?

माझी मागणी छोटी आहे. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलांत मॅट आहेत, प्रशिक्षक आहेत. आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी सातनंतर, एक तास प्रौढांना द्या. पहिले काही आठवडे उकेमी आणि जमिनीवरचे डाव, मग वजन आणि वय पाहून जोड्या. मधुमेह, रक्तदाब, जुनी दुखापत यांची नोंद आधीच घ्या. कराटे, कुस्ती, लाठी शिकवणाऱ्यांनाही हे सहज जमेल. मुलींना मॅटवर आणण्यासाठी आपण पैसा आणि कष्ट खर्चतो. त्याच मुली बाया झाल्यावर परत येऊ पाहतात, तेव्हा त्यांच्यासाठी एक तास राखून ठेवणं हा त्याच खर्चाचा भाग मानला पाहिजे.