दावतीच्या दुसऱ्या दिवशीचा रोजा

रमजानचे पहिले चार-पाच रोजे जड जातात, असे बहुतेक जण सांगतात. मला मात्र जड जातो तो दावतीच्या दुसऱ्या दिवशीचा रोजा.

मागच्या वर्षीची गोष्ट. रविवारी नणंदेकडे इफ्तार होती. खजूर आणि पाण्याने रोजा सोडला, मगरिबची नमाज झाली आणि मग दस्तरखानावर बसलो ते उठायचे नाव नाही. समोसे, कांदाभजी, कबाब, बिर्याणी आणि शेवटी फालुदा. 'अजून थोडं घ्या ना भाभी' म्हणत नणंद वाढत होती आणि मी खात होते. घरी परतायला मध्यरात्र उलटून गेली. पोट गच्च आणि मनात अपराधी भावना. तेव्हाच ठरवून टाकले, आज सहेरी करायची नाही. तेवढीच कालची भरपाई! पहाटे दोन घोट पाणी पिऊन रोज्याची नियत केली.

सोमवारी सकाळी दहालाच पोटात कावळे ओरडू लागले. अकराच्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी आली. खुर्चीत बसले. मुली घाबरल्या, कुणी पंखा वाढवला, कुणी पाणी आणले. ते पिता येत नाही हे लक्षात आल्यावर बिचारीच ओशाळली.

स्टाफरूममध्ये मराठी विभागातल्या आमच्या बाईंनी विचारले, "मॅडम, एरवी रोज्यात ठणठणीत असता, आज काय झालं?" मी सगळे सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' तुमच्याकडेही आहेच की!" साबुदाण्याची खिचडी, वडे, बटाट्याचा कीस असा फराळ झाला की द्वादशीला सकाळी डोळे उघडताच भूक लागते, हा त्यांचाही अनुभव. आमच्या शेजारची डाएट करणारी मुलगी रविवारी 'चीट डे' पाळते आणि सोमवारी दिवसभर फ्रिजच्या भोवती फिरते. उपास वेगळे, भूक एकच.

हिशेब सांगतो की काल जास्त खाल्ले तर आज भूक कमी लागावी. उलटे का होते, याची कारणे अगदी साधी आहेत. मैदा, साखर आणि तळणाच्या जेवणाने रक्तातली साखर झपाट्याने वाढते. ती आवरण्यासाठी शरीर जास्त इन्सुलिन सोडते आणि दोन-तीन तासांत अनेकांची साखर जेवणाआधीपेक्षाही खाली जाते. ही घसरण म्हणजे भुकेला आमंत्रणच. दुसरे कारण झोपेचे. 2004 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 12 निरोगी तरुणांना सलग दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. त्यांच्यात भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक सुमारे 28 टक्क्यांनी वाढले आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले. शिवाय त्यांना ओढ लागली ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. आता इफ्तारची दावत, तरावीह, मग गप्पा आणि पहाटे पुन्हा उठणे, यात आपल्याला किती झोप मिळते ते ज्याने त्याने मोजावे. तिसरे कारण मिठाचे. कबाब, चिवडा, लोणचे यांतल्या मिठाने तहान वाढते आणि रोज्यात ती भागवता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, दावतीनंतरच्या भुकेला कमकुवत ईमान किंवा कमकुवत मन समजू नये. ते शरीराचे साधे उत्तर आहे. खरी चूक होते ती त्यानंतर. आपण स्वतःला शिक्षा करतो. सहेरी सोडतो, दिवसभर तळमळतो आणि संध्याकाळी अजान होताच पुन्हा तुटून पडतो. म्हणजे एका दावतीच्या तीन होतात. पुढच्या सकाळी वजनकाटा किलोभर जास्त दाखवतो म्हणून घाबरायचेही कारण नाही. शरीर एक ग्रॅम साठीव साखरेसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. मीठही पाणी धरते. त्या वाढीत चरबी थोडी आणि पाणीच जास्त असते. रोजचे खाणे सुरू झाले की ते चार दिवसांत उतरते.

करायचे ते एवढेच, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वागायचे. सहेरी चुकवायची नाही. सहेरीत बरकत आहे, असे हदीसमध्ये सांगितले आहेच. ती भरगच्च असावी असे मात्र नाही. आमच्या घरी आता दावतीनंतरची सहेरी ठरलेली आहे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, एखादे उकडलेले अंडे आणि वाटीभर दही. प्रथिने आणि चोथा असलेले अन्न हळूहळू पचते, त्यामुळे दुपार निभते. पाणी सहेरीच्या शेवटच्या मिनिटाला घटाघटा पिण्यापेक्षा इफ्तारपासून थोडे थोडे प्यावे. दुपारी वीस मिनिटे डोळा लागला तर उत्तम. संध्याकाळी खजूर, पाणी, मग नमाज आणि त्यानंतर जेवण हा जुना क्रम पाळावा. मधल्या त्या दहा-पंधरा मिनिटांत भुकेचा पहिला जोर ओसरतो.

माझी चूक चक्कर येण्यावर निभावली. मधुमेह असलेल्यांची तशी निभावेलच असे नाही. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी काही औषधे घेणाऱ्याने सहेरी सोडणे धोक्याचे आहे. अशांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्यात. साखर 70 च्या खाली गेली तर रोजा सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. आजाऱ्याला सवलत धर्मानेच दिली आहे. ती नाकारण्यात कसली बहादुरी?

दावतीच देऊ नका, असे मी म्हणणार नाही. आपल्या गावात शेजारचे हिंदू बांधवही आवर्जून इफ्तार ठेवतात, त्यामागचा जिव्हाळा मोठा आहे. पण पाहुणचार म्हणजे तळणाचे ढीग, हे समीकरण यजमान आणि पाहुणे दोघांनी मिळून मोडायला हवे. खजूर, कलिंगड, चण्याची चाट, ताक आणि एक नीट जेवण, एवढ्यात कुणाचा मान कमी होत नाही. यंदा आमच्याकडच्या इफ्तारला मी भजी एकाच ताटात ठेवली. कुणाची तक्रार आली नाही, एका मेहुण्यांनी चेष्टा मात्र केली.

कुरआनात खाण्यापिण्याची मोकळीक आणि अतिरेकाची मनाई शेजारीशेजारी आलेली आहे. हदीसमध्ये पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, अशी शिकवण आहे. आम्ही ती वर्षानुवर्षे ऐकतो आणि बिर्याणीचे झाकण उघडले की विसरतो. सुमारे तेरा तासांची भूक आपल्याला उपाशी माणसाची आठवण देण्यासाठी असते. दावतीच्या दुसऱ्या दिवशी मला आठवण येत होती ती फक्त घड्याळाची. त्या दिवशीचा रोजा पूर्ण झाला खरा, पण तो हातून निसटल्याची रुखरुख अजून आहे.

काल दावत झाली असेल तर आज पहाटे उठा, भाकरी खा, पाणी प्या आणि कालचे विसरून जा.