चार प्लगचं बिल

धामणगाव म्हटलं की हॉस्टेलमधली निम्मी पोरं रेल्वेवालं धामणगाव समजतात. ते अमरावती जिल्ह्यातलं. आमचं धामणगाव बढे, बुलढाणा जिल्हा, तालुका मोताळा. रेल्वे धरायची तर आम्हाला मलकापूर गाठावं लागतं. असो, हे दरवर्षी सांगावं लागतं म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

तर दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. बुलढाण्याला काम होतं म्हणून बाबा, आजी आणि मी गाडीने निघालो. गाडी पेट्रोलवरची एसयूव्ही, चार सिलिंडरची, सेकंडहँड. मोताळ्यापर्यंत मस्त पळाली. राजूर घाट लागला आणि गचके द्यायला लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतोय, मागे आजी गजानन महाराजांचं नाव घेतेय आणि बाबा शांतपणे विचारतात, "तू मेकॅनिकलले आहेस ना रे? काय झालं पाय बरं."

मित्रांनो, आयसी इंजिनमध्ये मला चांगले मार्क आहेत. ऑटो सायकलची एफिशिअन्सी झोपेत काढून देतो. कॉम्प्रेशन रेशो दहा धरला तर कागदावर 60 टक्के! पण बॉनेट उघडून उभा राहिलो तेव्हा स्पार्क प्लग नेमका कुठे आहे हे मला दिसेना. आपल्या चित्रात तो सिलिंडरच्या डोक्यावर झेंड्यासारखा उभा असतो. इथे नुसतं काळं प्लॅस्टिकचं झाकण. ॲक्सिलरेटर हलका ठेवून गाडी कशीबशी वर नेली. बाबा काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

गावात परतल्यावर शेजारच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांचं काम मुख्यतः ट्रॅक्टरचं आणि मोटारसायकलींचं. आमच्याकडे मोठी गाडी म्हणजे वर्षानुवर्षं बोलेरो नाहीतर सुमो, म्हणजे डिझेल, म्हणजे स्पार्क प्लगचा संबंधच नाही. (फार तर ग्लो प्लग, पण तो ठिणगी पाडत नाही, थंड इंजिन सुरू करायला गरमी देतो. व्हायवात हे विचारतात, लक्षात ठेवा.) एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं, मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, ब्रेझासारखी गाडी पेट्रोलवर आली, आणि पेट्रोलच्या एसयूव्ही खेड्यापाड्यातही दिसू लागल्या. काका म्हणाले, "प्लग म्हणजे प्लग, फटफटीचा काय अन् याचा काय. पण आज नाही. थंड होऊ दे त्याले. गरम हेडातून काढशीन त आटे घेऊनच बाहेर येईन." हेड ॲल्युमिनियमचं असतं, हे मला पाठ होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातच काम सुरू केलं. मित्राच्या स्कॅनरने कोड काढला, पी-0303. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. झाकण काढलं, खाली प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक इग्निशन कॉइल, एका दहाच्या बोल्टने धरलेली. कॉइल थोडी पिळून वर ओढली की खाली खोल विहीर आणि विहिरीच्या तळाशी प्लग. मी लगेच सॉकेट घालायला निघालो, तर काकांनी हात धरला. आधी सायकलच्या पंपाने विहिरीतली धूळ उडवली. नाहीतर प्लग निघताक्षणी ती सगळी माती सिलिंडरमध्ये! हे कुठल्या पुस्तकात असेलही, माझ्या नोट्समध्ये नव्हतं.

पहिला प्लग निघता निघेना. निघाला तेव्हा मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या. फीलर गेज घातला. एक मिलिमीटरच्या आसपास हवी ती गॅप दीड मिलिमीटर. चारही प्लगची तीच गत, तिसऱ्याची सर्वांत वाईट.

आणि इथे माझी खरी गोष्ट सुरू होते. गेल्या वर्षी हीच गाडी मी स्वतः एका शहरातल्या वर्कशॉपात सर्व्हिसिंगला नेली होती. बिलावर स्पष्ट लिहिलेलं होतं, स्पार्क प्लग, नग चार. बाबांनी बिल माझ्याकडे दिलं, "बरोबर हाय का पाय, तुले समजते." मी वरपासून खालपर्यंत वाचलं, बेरीज तपासली आणि म्हणालो, बरोबर आहे. त्यानंतर गाडी नऊ हजार किलोमीटरसुद्धा चाललेली नाही. एवढ्यात प्लग असे झिजत नाहीत. साधे निकेलचे प्लगसुद्धा तीस-चाळीस हजार जातात, इरिडियमचे लाखाच्या घरात. प्लग बदललेलेच नव्हते. वर्कशॉपवाल्याने लबाडी केली हे खरं, पण त्यावर 'तपासलं, बरोबर आहे' असा शिक्का मी मारला होता.

सरांनी राग मानू नये, पण प्रॅक्टिकलला आपल्याकडे काय होतं? स्टँडवर एक इंजिन, त्याभोवती वीसजण, लॅब असिस्टंट एखादा भाग खोलून दाखवतात, पहिल्या रांगेतल्या चौघांना दिसतं, बाकीचे मोबाइलवर. मग जर्नल छापायचं, मागच्या बॅचच्या जर्नलवरून, त्यातल्या चुकांसकट. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने प्लग काढावा, गॅप मोजावी, रंग पाहून इंजिनाची तब्येत सांगावी आणि परत बसवावा. बिस्किटासारखा फिका तपकिरी म्हणजे ठीक, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर ऑइल म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघा. त्यावर पाच मार्क ठेवा. यासाठी नवी मशिनरी लागत नाही. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये चाळीस मोटारसायकली उभ्या आहेत.

रूममध्ये हे बोललो तर एकजण म्हणाला, "आपण इंजिनिअर आहोत, मेकॅनिक नाही." हे वाक्य मीही पूर्वी म्हणायचो. पण गाडी घाटातच का अडखळली, सपाटीवर का नाही, हे मला प्लग हातात आल्यावरच उमगलं. चढावर थ्रॉटल जास्त उघडतो, सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो. दाब आणि गॅप वाढली की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. हाच तो पाश्चेनचा नियम, जो आपण इलेक्ट्रिकलवाल्यांचा म्हणून सोडून देतो. दीड मिलिमीटरच्या गॅपपुढे कॉइलने घाटात हात टेकले. काका हे नियमाशिवाय जाणतात, मी नियम जाणत होतो आणि गाडी जाणत नव्हतो. यात वरचढ कोण, ते तुम्हीच ठरवा.

दुसरा म्हणाला, ईव्ही आल्यावर प्लगच राहणार नाहीत. नसतील राहिले, पण बिलं राहतीलच ना!

एक कबूल करतो, सगळंच घरी करू नये. काही व्ही-6 इंजिनांत मागच्या रांगेचे प्लग गाठायला इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो, तिथे अंगणातला उत्साह चालत नाही. आमच्या साध्या कामातही मी घोटाळा करणारच होतो. नवा प्लग सरळ रॅचेटने फिरवायला निघालो, तर काकांनी पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा कापून प्लगच्या शेंडीवर चढवला आणि म्हणाले, यानं फिरव. आटा वाकडा लागला तर नळी घसरते, हेड वाचतं. हाताने पूर्ण बसला की मग सॉकेटने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधला आकडाच पाळावा.

चारही प्लग मिळून हजाराच्या आत आले. संध्याकाळी बाबांनी गाडी राजूर घाटात नेऊन आणली, मला न घेता. परत आले, किल्ली खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाले, "पोराले जेवाले वाढ."

जुने चार प्लग माझ्या खोलीच्या खिडकीत ठेवले आहेत, ज्याला बघायचे त्याने यावं. प्लगचा सॉकेटही आहे, मागितला तर देईन. फक्त परत आणून द्यायचा. गेल्या सेमिस्टरला दिलेला माझा कॅल्क्युलेटर अजून आलेला नाही.