घरी कोणी आहे ना?

आमच्या कंपनीत बापाला पाच दिवसांची रजा मिळते. कामकाजाचे पाच दिवस, म्हणजे शनिवार-रविवार धरून सात. माझी मंगळवारी सुरू झाली आणि पुढच्या सोमवारी संपली. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी साडेनऊला मी लॅपटॉप उघडला तेव्हा आमची मोठी घरी पाळण्यात होती, आणि तिच्याहून दोन मिनिटांनी लहान असलेला तिचा भाऊ अजून हॉस्पिटलात काचेच्या पेटीत. वजन एक किलो आठशे. मुलगा घरी यायच्या आधीच माझी पितृत्व रजा संपली होती.

तक्रार एका कंपनीबद्दल असती तर लिंक्डइनवर चार ओळी टाकून मोकळा झालो असतो. पण माझ्या मित्रांत कुणाला तीन दिवस मिळाले, कुणाला दहा, आणि एकाला 'वर्क फ्रॉम होम घे, तेच आहे' असं उत्तर. याचं कारण साधं आहे. खासगी नोकरीतल्या बापाला किती रजा द्यायची हे सांगणारा कायदाच आपल्याकडे नाही. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा होता. २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी आईची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही तो आकडा तसाच ठेवला. बापाच्या रजेची तरतूद दोन्हींत नाही. आणि जुळ्यांचीही नाही. कायद्याच्या लेखी प्रसूती एक, म्हणून रजा एक. मुलं किती झाली हा तुमचा प्रश्न.

२०१७ सालीच हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. ते पुढे गेलं नाही. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. असं काही विधेयक आलंय हे मला माहीतही नव्हतं, आणि असतं तरी मी मीम टाकून पुढे गेलो असतो.

आता हिशोब सांगतो, कारण जुळ्यांच्या घरात भावनेच्या आधी हिशोब येतो. मुलं छत्तिसाव्या आठवड्याच्या आत झालेली, वजनं कमी. डॉक्टरांनी सांगितलं, झोपली असली तरी उठवून पाजा, अडीच तासांपेक्षा जास्त गॅप नको. म्हणजे एका बाळाला दिवसाला साधारण दहा वेळा. दोघांना वीस वेळा. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत झोपवणं मिळून एका वेळेला चाळीस मिनिटं धरा. वीस गुणिले चाळीस, आठशे मिनिटं. तेरा तास वीस मिनिटं. ही नुसती बाळांची शिफ्ट. यात दुपटी धुणं नाही, वाट्या-चमचे उकळणं नाही, स्वयंपाक नाही, बाळंतिणीची स्वतःची आंघोळ नाही, आणि पोटावर टाके असलेल्या त्या बाईची झोप तर नाहीच नाही. दोघांना एकदम पाजता येतं म्हणतात. येतं. पण तेव्हा दुसरं बाळ उचलून हातात द्यायला तिसरा हात लागतो.

तो तिसरा हात सासूबाईंचा होता. आणि चौथाही.

सासूबाई मिरजेहून आल्या. वय ५९, दोन्ही गुडघे दुखरे. येताना डिंकाचे लाडू, अळीव, जुन्या साड्यांच्या बारा गोधड्या आणि गुडघ्याचे दोन पट्टे घेऊन आल्या. मी आल्या आल्या त्यांना माझी गुगल शीट दाखवली. फीड किती वाजता, किती मिनिटं, लघवी, शी, वजन, सगळं. कंडिशनल फॉरमॅटिंगसकट. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि 'छान आहे' म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फ्रिजशेजारच्या कालनिर्णयच्या चौकटीत खुणा करायला सुरुवात केली. मोठीला लाल पेन, धाकट्याला निळं. आठवड्याभरात शीट मेली. डॉक्टरांकडे जातानाही मी कालनिर्णयचाच फोटो काढून नेऊ लागलो.

घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'बरं झालं आई आल्या.' (आणि मुलगा-मुलगी एकदम झाल्यामुळे 'एका खेपेत काम झालं' हेही प्रत्येक जण म्हणायचा, पण तो वेगळा लेख आहे.) मलाही बरंच वाटत होतं. इथे मी खोटं बोलणार नाही. त्या मंगळवारी लॅपटॉप उघडल्यावर मला वाईट वाटलं, आणि त्याच्या दहा मिनिटांनी सुटल्यासारखं वाटलं. जिरा बोर्डवर तिकिटं होती. ती क्लोज होतात. बाळाचं रडणं क्लोज होत नाही. दार लावून हेडफोन घालून बसलं की मी पुन्हा हुशार माणूस होत असे.

सातव्या आठवड्यात, सकाळी, सासूबाई बाळांना न्हाऊ घालत होत्या. आपल्याकडे ते कसं घालतात हे ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: पाटावर बसून पाय सरळ पुढे पसरायचे, बाळाला नडगीवर पालथं घालायचं, चोळून, पाणी घालून, उलटं करून परत. फार सुंदर दिसतं. रील्स निघतात त्याच्यावर. एकोणसाठ वर्षांच्या गुडघ्यांनी हे लागोपाठ दोनदा करायचं असतं. मोठीची आंघोळ झाली, बायकोनं तिला गुंडाळून नेलं. धाकट्याची झाली. आणि सासूबाईंना उठताच येईना. त्यांनी हाक मारली. मी स्टँड-अप कॉलवर होतो, म्यूटवर, कॅमेरा बंद. हाक मला ऐकू आली. मी मनात म्हटलं, दोन मिनिटं, माझी अपडेट झाली की जातो.

कॉल अकरा मिनिटांनी संपला. तोवर बायकोनं मोठीला जमिनीवर गोधडीत ठेवून, टाक्यांच्या पोटावर हात दाबत आत जाऊन ओलं बाळ घेतलं होतं, आणि सासूबाई नळाच्या तोटीला धरून उठायचा प्रयत्न करत होत्या. मी पळत गेलो तर म्हणाल्या, 'अहो, तुम्ही कशाला काम सोडून आलात?'

त्या दिवशी दुपारी मी मॅनेजरला फोन करून महिनाभर बिनपगारी रजा मागितली. माणूस वाईट नाही. शांतपणे ऐकून घेतलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "पण घरी कोणी आहे ना? आई? सासूबाई?"

हा प्रश्न मी त्यानंतर मोजायला लागलो. एचआरनं विचारला. शेजारच्या काकांनी विचारला. डिस्चार्जच्या वेळी नर्सनं विचारला होता, तेव्हा मी तो नीट ऐकलाच नव्हता. व्याकरणात 'कोणी' या शब्दाला लिंग नाही. व्यवहारात आहे. माझे सासरे निवृत्त आहेत, ठणठणीत आहेत, रोज पहाटे चार किलोमीटर चालतात. 'सासरे येतील ना?' असं मला एकानंही विचारलं नाही. ते मिरजेत मेसचा डबा खात होते आणि सगळ्यांना त्यांची दया येत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे: या देशाची पितृत्व रजेची योजना म्हणजे आजी. कागदावर नाही, बजेटमध्ये नाही, पण सगळे नियम ती आहे असं गृहीत धरूनच लिहिलेत. पाच दिवसांत बाप कामावर परत येऊ शकतो, कारण एका साठीच्या बाईनं तिचं घर, भजनी मंडळ, भिशी, औषधाच्या वेळा सोडून बस पकडलेली असते. आम्ही इंजिनिअर लोक सर्व्हरसाठी ऑन-कॉल रोटेशन लावतो. एका माणसाला सलग दोन आठवडे रात्रीचे अलर्ट आले तर रेट्रोमध्ये त्याच्यावर चर्चा होते. सासूबाई सलग अठरा आठवडे ऑन-कॉल होत्या. बॅकअप नाही, कॉम्प-ऑफ नाही.

आणि आजी नसेल तर? माझ्या आईचं सांगतो. ती बार्शीजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. तिचं कामच हे: गावातल्या बाळांची वजनं करायची, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणून सांगायचं, गुटी चाटवणाऱ्या म्हाताऱ्यांशी भांडायचं. जुळ्यांना बघायला ती आली आणि सहाव्या दिवशी परत गेली. तिला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, कारण सरकार तिला मानसेवी समजतं. गावातली सगळी बाळं तिची, तिची नातवंडं तेवढी फोनवर. जाताना बायकोला म्हणाली, "मी नाहीये म्हणून मनाला लावून घेऊ नको बाई. तुझी आई आहे ना." म्हणजे तिनंही तोच प्रश्न विचारला, फक्त उत्तरासकट.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. पहिला: लहान बाळाला आईच लागते, बाप काय करणार? दूध पाजणं सोडलं तर त्या आठशे मिनिटांतलं एकही काम असं नाही जे मला येत नाही किंवा तीन दिवसांत आलं नाही. ढेकर काढण्यात तर मी आता घरात पहिला आहे. दुसरा: पुरुष रजा घेऊन झोपा काढतील, मॅचेस बघतील. काढतील काही जण. मीही पहिल्याच आठवड्यात, कुणी सांगितलं नसताना, पीआर रिव्ह्यू करत होतो. पण 'बाप लोक आळशी आहेत' हे कारण देऊन बापांना कामापासून मोकळं ठेवायचं, याच्याइतकी सोयीची शिक्षा मी दुसरी बघितलेली नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी वेळ २९९ मिनिटं होता, पुरुषांचा ९७. आणि ही सरासरी घरकाम करणाऱ्या पुरुषांची. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच २६ टक्के निघाले, बायका ८१ टक्के.

सरकारी नोकरीत बरं आहे असं कुणी म्हणेल. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. त्याशिवाय तिथे बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवस. ती बायकांना मिळते, आणि पुरुषांपैकी फक्त एकल पालकाला. म्हणजे अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. बायको हयात आणि सोबत असेल तर तुम्ही बाप आहात हे त्या नियमाला दिसत नाही. घरी कोणी आहे ना!

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला खरा वाटतो. आमचा क्लायंट स्टॉकहोमचा. त्यांच्याकडच्या एका डेव्हलपरला कळलं की मला जुळी झालीत, तर तो कॉलवर म्हणाला, "मग तू इथे काय करतोयस?" तिकडे आईबापांना मिळून ४८० दिवस, त्यातले प्रत्येकी ९० दुसऱ्याला देता येत नाहीत, आणि जुळी असतील तर आणखी १८० दिवस. मला माहीत आहे, तो देश छोटा, कर मोठे. पण तिथे हे पैसे मालक खिशातून देत नाही, सामाजिक विम्यातून येतात. आपल्याकडे आईच्या २६ आठवड्यांचा पगार बहुतेक ठिकाणी मालकच देतो. म्हणूनच नुकतंच लग्न झालेल्या मुलीला इंटरव्ह्यूत 'पुढचे प्लॅन्स काय' असं गोडीत विचारतात. मला असं कुणी कधीच विचारलं नाही, कारण माझ्या बाप होण्याचा खर्च पाच दिवस आहे. तो तीन महिने झाला तर मलाही विचारतील, आणि मग तो प्रश्न विचारण्यात फायदा उरणार नाही. पैशाची वाटही अगदीच अनोळखी नाही. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयमधून प्रसूतीचा लाभ मिळतो, मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून. तीच वाट रुंद करता येईल. आमच्याकडे मालिशला येणाऱ्या मावशींना यातलं काहीच लागू नाही. त्या स्वतःच्या बाळंतपणानंतर विसाव्या दिवशी दुसऱ्यांची बाळं चोळायला गेल्या होत्या, असं त्या हसत सांगतात.

बिनपगारी रजा मला दोन आठवडे मिळाली. त्या दोन आठवड्यांत मी पायावर न्हाऊ घालायला शिकलो. सासूबाई खुर्चीवर बसून सूचना द्यायच्या आणि माझे गुडघे पहिल्याच दिवशी बोलायला लागले. तेव्हा मी २८ वर्षांचा होतो.

अठराव्या आठवड्यात त्या मिरजेला परत गेल्या. सासऱ्यांना मधल्या काळात कुकर लावता येऊ लागला होता, याचं कौतुक पूर्ण नात्यात झालं. त्यांनी खुणा केलेली कालनिर्णयची पानं आम्ही काढून ठेवलीत.

बायकोची रजा पुढच्या महिन्यात संपते. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय असली पाहिजे असं कायदा म्हणतो. तिच्या कंपनीची सोय ऑफिसपासून सहा किलोमीटरवर आहे आणि दोन वर्षांखालच्या एकाच जागेची शक्यता आहे. एकाच.

परवा रात्री सासूबाईंचा फोन आला. "गुडघा आता बराच बराय. येऊ का मी परत? तुम्ही दोघंही कामावर जाल, मग घरी कोण?"

मी म्हटलं, विचारून सांगतो. बायकोला अजून विचारलेलं नाही. गुरुवारची मिरज-पुणे गाडीची तिकिटं मात्र मी ॲपवर दोनदा बघून ठेवली आहेत.