निवांत जायचं तर तिथी बघून जा

सुट्टीचा अर्ज टाकला की ऑफिसात पहिला प्रश्न येतो, ‘कुठे?’ गुहागर म्हटलं की दुसरा येतो, ‘आणि तिथून पुढे?’ पुढे कुठेही नाही, चारही रात्री गुहागरलाच, असं सांगितलं की समोरचा आपल्याला काहीतरी झालंय की काय अशा नजरेने बघतो. ‘चार दिवस? करणार काय तिथे?’

गेल्या आठवड्यात हा प्रश्न मला पाच जणांनी विचारला. पाचवे माझे वडील. तेव्हा म्हटलं, शनिवार मोकळा आहे, लिहूनच काढू.

आधी एक कबुली. तीन वर्षांपूर्वी आम्ही गुहागरलाच गेलो होतो आणि त्या ट्रिपची एक्सेल शीट मी बनवली होती. साधीसुधी नाही, रंग भरलेली. हिरवा म्हणजे देवळं, निळा म्हणजे समुद्र, पिवळा म्हणजे जेवण. शनिवारी पहाटे पाचला पुण्यातून निघायचं, वाटेत चिपळूणला परशुराम, दीडला गुहागरात जेवण, मग व्याडेश्वर, चार ते साडेपाच समुद्रस्नान, आणि तिथून पळत पळत अंजनवेलला गोपाळगडावर सूर्यास्त. रविवारी हेदवी, वेळणेश्वर, तवसाळहून फेरीबोटीने जयगड, गणपतीपुळे. सोमवारी पहाटे परत आणि अकराला स्टँडअप कॉल. शीट मी टीममधल्या दोघांना पाठवलीसुद्धा होती, त्यांनी मागितली म्हणून. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता हेही सांगून टाकतो.

तर त्या शनिवारी चारच्या निळ्या खान्यात आम्ही पाण्यात उतरलो. वाळू लांबवर मोकळी पडली होती, ऊन उतरायला लागलं होतं, समुद्र दिसायला अगदी शांत. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. माझा हात धरून उभी होती, पाणी तिच्या मांडीपर्यंत. एक लाट आली आणि परत जाताना पायाखालची वाळूच घेऊन गेली. माझी घेतली, तिचीही. मी गुडघ्यावर आलो आणि ती आडवी होऊन समुद्राकडे ओढली गेली. तिचं मनगट माझ्या हातात राहिलं एवढंच. पुढच्या लाटेने आम्हाला परत आत ढकललं आणि आम्ही बाहेर आलो. सगळं मिळून दहा-बारा सेकंद असतील. बायको किनाऱ्यावरून हे बघत होती. ती काही बोलली नाही, आणि गोपाळगडावर सूर्यास्ताला कुणी गेलं नाही.

रात्री जेवताना घरमालक काकांना सांगितलं. काकांनी वाढता वाढता एकच विचारलं, ‘अहो, आज पौर्णिमा ना? पौर्णिमेच्या दुपारी पाण्यात कशाला उतरलात?’ म्हणजे मुंबईकर-पुणेकर लाल सिग्नलला रस्ता का ओलांडलात असं विचारेल, तसं.

मग त्यांनी तो हिशेब सांगितला. कोकणात कुणालाही विचारा, सांगतील. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याचे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दिवसातून हे दोनदा. म्हणून एकच उत्तर सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे चालतं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, कारण चंद्र काही पाढे पाठ करून उगवत नाही. पण भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, हे त्या पाऊणपटीत किती सुरेख बसलंय बघा. दोन ओळींचा प्रोग्रॅम आहे हा, आणि तो चालवायला फक्त भिंतीवरचं कालनिर्णय लागतं.

आता माझी शीट या हिशेबात घालून बघा. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, ओहोटी साडेपाचला. मधल्या वेळात समुद्र सतत मागे जातोय, आणि दुपारी दोन ते चार ही त्यातली सगळ्यात जोराची ओढ. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. म्हणजे महिन्याभरातली पाण्यात उतरायची सगळ्यात वाईट वेळ शोधून काढा असं कुणी सांगितलं असतं, तर मी तीच काढली असती. आणि का? तर देऊळ आणि सूर्यास्त यांच्या मध्ये तो खाना रिकामा होता.

दुसऱ्या दिवशीचा विनोद त्यामानाने बिनधोक्याचा. हेदवीला समुद्राकाठी खडकात एक अरुंद घळ आहे, बामणघळ. भरतीचं पाणी तीत घुसलं की जोरात उसळून वर येतं, ते बघायला लोक जातात. शीटप्रमाणे आम्ही तिथे सकाळी साडेसहाला हजर. आदल्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे ही ऐन ओहोटीची वेळ. खडकातली एक ओलसर भेग बघितली, तिचे चार फोटो काढले आणि शीटवर बरोबरची खूण केली. घळीत पाणी नव्हतं याची नोंद करायला रकाना नव्हता.

एवढं सगळं झाल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो, तसा मीही गेलो. प्लॅनिंगच नको, गाडी काढायची आणि निघायचं. आमचे काही मित्र याच पंथाचे आहेत आणि मोठ्या तोऱ्याने सांगतात की आम्ही काहीच ठरवत नाही. मला हे हल्ली अजिबात पटत नाही. न ठरवता जाणाऱ्याचं दुसरं कुणीतरी ठरवत असतं. नाताळच्या आठवड्यात रात्री दहाला पाच घरांची दारं वाजवायची, सहाव्या घरातल्या काकूंनी उठून गाद्या घालायच्या, आणि वर हे विचारणार, ‘काकू, उद्या मोदक मिळतील ना?’ उकडीचे मोदक म्हणजे नारळ खवणं आला, पिठीची उकड आली, एकेक पारी हाताने आली. चार माणसांचे तीस-पस्तीस मोदक सहज होतात. तुमच्या निवांतपणाची किंमत तिथे कुणीतरी पहाटे साडेपाचला उठून भरतं. आदल्या दिवशी सांगितलं तर तेच काम त्या आनंदाने, सवडीने करतात. (पैसे देतो ना, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या क्लायंटचा शुक्रवारी संध्याकाळचा फोन आठवावा. तोही पैसे देतो.)

तेव्हा माझं मत असं, की निवांत सहलीला प्लॅनिंग नेहमीपेक्षा जास्त लागतं, फक्त ते वेगळ्या गोष्टींचं. काय काय बघायचं हे ठरवूच नका. किती रात्री, कोणत्या तिथीला, कुठल्या घरी आणि पोचायचं कधी, एवढं पक्कं ठरवा. बाकी तिथे गेल्यावर आपोआप होतं, किंवा होत नाही, आणि दोन्ही चालतं.

रात्रींचं म्हणाल तर चारपेक्षा कमी नको. पहिला दिवस प्रवासाचा शीण काढण्यात जातो. दुसऱ्या दिवशीही हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो आणि आपण काहीतरी विसरलोय असं वाटत राहतं. माझ्या अनुभवात ती टोचणी तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर जाते. शनिवार-रविवारवाले नेमके त्याच्या आधी परत निघालेले असतात. आणि दमून आलो म्हणतात! दमणारच.

तिथीचं आता मी उलटं केलंय. या वेळी मुद्दाम पौर्णिमाच धरली आहे, पौष पौर्णिमा. कारण तोच हिशेब नीट वाचला तर पौर्णिमेसारखा दिवस नाही. पहाटे सव्वापाचच्या आसपास ओहोटी संपते, तिथून सव्वाअकरापर्यंत पाणी चढत असतं. डुंबायचं असेल तर सकाळी आठ-नऊला, भरती लागलेली असताना, तेही कमरेच्या आत आणि गावातल्या माणसाला विचारून. दुपारी समुद्राकडे पाठ करून झोपायचं. संध्याकाळी ओहोटी, म्हणजे चालायला रुंद, घट्ट, ओली वाळू. समोर सूर्य बुडतो आणि मागे वळून बघावं तर सुरूच्या झाडांवरून चंद्र वर येत असतो. याला तिकीट नाही, वेळेत पोचायचं नाही. किनाऱ्यावर असलात म्हणजे झालं.

गावही या कामाला बरोबर आहे. गुहागर समुद्राला समांतर लांबच लांब पसरलंय. एक रस्ता, दोन्ही अंगांना घरं, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, आणि खालच्या अंगाच्या वाड्या संपल्या की सरळ पुळण. मागच्या दाराने निघायचं, वाडीतल्या पाटावरून उडी मारायची, की समुद्र. गाडी लागतच नाही. ती पुळणीवर तर अजिबात नेऊ नका. एक म्हणजे ती रुतते आणि मग भरतीच्या आत ट्रॅक्टर शोधण्याची पळापळ होते. दुसरं म्हणजे हिवाळ्यात याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ती येतात रात्री, अंधारात. हेडलाईट लावून वाळूवर गोल गोल फिरणाऱ्या शूरवीरांना हे सांगून उपयोग होत नाही असा अनुभव आहे, तरी सांगतो.

जायचा रस्ता मी उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट असा धरतो. पुण्याहून अडीचशेहून जास्त किलोमीटर होतात, पण मुंबई-गोवा हायवेचा बराचसा भाग टळतो. (त्या चौपदरीकरणाला 2011 साली सुरुवात झाली. पुढचं बोलायला नको. आमच्या प्रोजेक्टवर हसणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.) कोयनेचं पाणी वीज तयार करून घाटाखाली वाशिष्ठीला मिळतं, आपणही साधारण त्याच्याबरोबर चिपळूणला उतरतो. तिथून गुहागर तासा-सव्वातासावर. पहाटे पाचला निघायचं नाही, नाश्ता करून निघायचं आणि उजेडात पोचायचं.

राहता राहिला बाबांचा प्रश्न. त्यांच्या लेखी गुहागर म्हणजे एन्रॉन. प्रकल्पाला नाव दाभोळचं, पण दाभोळ राहिलं खाडीपलीकडे, प्रकल्प गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ. 2001 मध्ये तो बंद पडला आणि त्याच वर्षाअखेरीस कंपनीनेच दिवाळं काढलं. हे सगळं बाबांना तारीखवार पाठ आहे. मागच्या वेळी ते आमच्याबरोबर होते. परत आल्यावर कुणीतरी फोनवर विचारलं, कसं काय झालं कोकण? तर म्हणाले, ‘छान झालं. गाडीतून बरंच दिसलं.’ मी शेजारच्या खोलीत होतो. टोमणा नव्हता तो, खरंच तसं वाटलं होतं त्यांना. आता त्यांचा एक गुडघा पूर्वीसारखा राहिलेला नाही. वाळूत ते फार चालणार नाहीत. म्हणून वाडीच्या टोकाला, पुळण सुरू होते तिथे, एक खुर्ची टाकायची सोय होईल का, हे मी खोलीच्या भाड्याआधी विचारलं.

काकूंनी फोनवर ओळखलं. ‘पौर्णिमेला पाण्यात उतरलेले ना तुम्ही?’ म्हणाल्या. खुर्ची आहे, म्हणाल्या. पण शनिवारी खोली नाही, रविवारी दुपारी रिकामी होते. म्हणून रविवार ते गुरुवार ठरलं. मुलीच्या शाळेला चार दिवस दांडी. तिच्या बाईंना खरं कारण सांगितलं, त्या हसून बरं म्हणाल्या. बायकोने मागच्यासारखी शीट केली आहेस का एवढंच विचारलं, आणि नाही म्हटल्यावर बॅग भरायला बसायच्या ऐवजी पुस्तक घेऊन बसली. जायला अजून तीन आठवडे आहेत, पण असो.

रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात मी ‘वैयक्तिक’ लिहिलं. अर्ध्या तासात मॅनेजरचा मेसेज आला, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ सोमवार ते गुरुवार रजा आमच्याकडे लग्नाला नाहीतर आजारपणाला घेतात. सगळं ठीक आहे, गुहागरला चाललोय, असं मी कळवलं.

उलट टपाली उत्तर आलं, ‘अच्छा. आणि तिथून पुढे?’